दान एकदाच पडतं

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यायच्या खेळात, खेळाआधी पात्र बनवावं लागतं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा असे सहा गुण असतात. त्यांचे आकडे ठरवायची एक लोकप्रिय रीत अशी: चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. असं सहा वेळा करून आलेले आकडे आपल्याला हवे तसे सहा गुणांना वाटायचे.

समजा, एकीला १६, १५, १४, १३, १२, ११ मिळाले. तिच्या शेजारच्याला मिळाले १४, १२, १२, ११, १०, ८. तिची बेरीज ८१, त्याची ६७. फासे तेच, नियम तोच, लबाडी कोणी केलेली नाही. तरीही पुढचं वर्षभर एकाच मोहिमेत त्याने तिच्या मागे उभं राहायचं आहे.

हे उदाहरण टोकाचं वाटेल, पण ते तसं नाही. या रीतीने एका आकड्याची सरासरी १२.२४ येते, सहांची बेरीज सरासरीने ७३.५, आणि त्या बेरजेचं प्रमाण विचलन (सरासरीच्या आगेमागे हलण्याचं माप) जवळपास ७. चार खेळाडूंच्या टेबलावर सर्वांत नशीबवान आणि सर्वांत कमनशिबी यांच्यात सरासरी १४ चा फरक पडतो, म्हणजे वरच्या दोघांमध्ये आहे तेवढाच. कोणत्याही दोघांच्या बेरजेत १० किंवा जास्त फरक असण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांश. तेव्हा कोणीतरी मागे पडणं हा अपघात नाही, रीतीचाच भाग आहे.

हे न्याय्य आहे का? ‘सगळ्यांना संधी सारखीच होती’ हे उत्तर खोटं नाही, पण ते फक्त फासे हातात असेपर्यंतचं आहे. अर्थशास्त्रात निकालाआधीची समानता आणि निकालानंतरची समानता या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. लॉटरीचं तिकीट सगळ्यांना सारखंच मिळतं. सोडत झाल्यावरचं चित्र निराळं असतं.

खरी गंमत मला दुसरीकडेच दिसते. या खेळात फासे सतत पडत असतात, मग लोक पात्र बनवतानाच्या फाशांवरच का चिडतात? लढाईत २० बाजूंचा फासा टाकतात आणि त्यात पात्राचा बोनस, म्हणजे गुणाच्या आकड्यावरून ठरणारी भर, मिळवतात. फासा एखाद्या दिवशी दगा देतो, दुसऱ्या दिवशी साथ देतो. हजार वेळा टाकला आणि यशाची शक्यता निम्मी असली, तर निव्वळ नशिबाने यशांची संख्या ५०० च्या आगेमागे साधारण १६ ने हलते. बोनसमधला एकाचा फरक मात्र प्रत्येक वेळी लागू होतो. २० बाजूंच्या फाशावर एक म्हणजे ५ टक्के. हजार वेळांत ५० जास्तीची यशं. १६ वाल्या गुणाचा बोनस ३ आणि १४ वाल्याचा २, म्हणजे वरच्या दोघांच्या मुख्य गुणांत नेमका एकाचाच फरक आहे. खेळातलं नशीब सरासरीत विरून जातं. पात्र बनवतानाचं दान एकदाच पडतं आणि पुढच्या प्रत्येक दानात मिसळत राहतं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला, तेव्हा हे एवढं टोचत नव्हतं. रीत आजच्यापेक्षा कडक होती: तीन फासे, सहा वेळा, आणि आकडे ज्या क्रमाने पडतील त्याच क्रमाने गुणांना. पण त्या आकड्यांचा परिणाम बेताचा होता. ताकद १८ असली म्हणून तलवार जास्त लागत नसे. शिवाय पात्रं पटापट मरत. मेलं की नवं पात्र, नवे फासे. एकाच खेळाडूच्या हातून इतकी पात्रं जात की नशीब तिथेही सरासरीवर येई.

मग १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने आकड्यांना वजन दिलं. ज्या लढवय्याची ताकद १८ असेल त्याने शंभरापर्यंतचा आणखी एक फासा टाकायचा, आणि तो जितका वर जाईल तितका वार जबर. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. त्यावर पुन्हा पूर्ण शंभर पडायचे तर २१,६०० मध्ये एक. त्याच पुरवणीत पॅलाडिन हा धर्मयोद्ध्याचा वर्ग, म्हणजे पात्राचा पेशा, आला. त्यासाठी करिश्मा किमान १७ हवा, म्हणजे ५४ मध्ये एक शक्यता. ज्याला आधीच चांगलं दान पडलं त्यालाच चांगला वर्ग खुला. वर्गाचा मुख्य गुण १५ किंवा जास्त असेल तर अनुभवाचे पॉइंट १० टक्के जास्त, हा नियम तर १९७४ पासूनच होता. नशिबावर व्याज चढत होतं. हळूहळू मोहिमा लांबल्या, एकच पात्र वर्षानुवर्षं जगू लागलं, आणि जी रीत झटपट मरणाऱ्या पात्रांसाठी ठीक होती ती डोईजड झाली.

दुरुस्तीचे प्रयत्न लगेच सुरू झाले. गायगॅक्सने १९७९ च्या मार्गदर्शकात चार वेगळ्या रीती दिल्या. चारांतला लहान फासा सोडण्याची रीत त्यातलीच. पण त्या सगळ्यांनी सरासरी वर नेली, दरी बुजवली नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सांगितलं की बोनसची बेरीज शून्य किंवा कमी असेल, किंवा सर्वांत मोठा आकडा १३ किंवा त्याखाली असेल, तर फासे पुन्हा टाका. आपल्या ६७ वाल्याचा मोठा आकडा १४ आणि बोनसची बेरीज ३. त्याला या नियमाचा काडीचाही उपयोग नाही. तळ कापला गेला, शिखर तसंच राहिलं.

दुसरा रस्ता म्हणजे फासेच नकोत. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ आणि १९८६ च्या ‘गर्प्स’ या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळांनी प्रत्येकाला ठरावीक पॉइंट दिले, त्यातून काय विकत घ्यायचं ते खेळाडूने ठरवायचं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत २७ पॉइंट मिळतात. ८ हा आकडा फुकट, १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, मग १४ आणि १५ साठी दोन-दोन. ज्यांना एवढीही आकडेमोड नको त्यांच्यासाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हा तयार संच आहे. त्याची बेरीज ७२, म्हणजे फाशांच्या सरासरीपेक्षा दीडने कमी. खात्रीची ही किंमत मला तरी वाजवी वाटते.

पण सारखे पॉइंट म्हणजे समानता, हा समज फार टिकत नाही. १९७९ साली स्टॅनफर्डमधल्या व्याख्यानात अमर्त्य सेन यांनी विचारलं होतं: समानता नेमकी कशाची? सारखी साधनं दिली तरी त्यातून प्रत्येकाला सारखंच काही साधता येतं असं नाही, हा त्यांचा मुद्दा. तो इथे हुबेहूब बसतो. विझार्डला, म्हणजे जादूगाराला, बुद्धी वाढवली की निम्मं काम झालं. मंकला, म्हणजे लढणाऱ्या संन्याशाला, चपळाई हवी, शहाणपण हवं आणि चिवटपणाही. २७ पॉइंट दोघांनाही, पण एकाचे एका जागी साठतात, दुसऱ्याचे तीन जागी पसरतात. शिवाय नियम पाठ असलेला जुना खेळाडू त्याच पॉइंटांतून नवख्यापेक्षा कितीतरी जास्त पिळून काढतो. फासे निदान नवखा-जुना पाहत नाहीत.

किमतीच चुकीच्या लागल्या तर आणखी पंचाईत. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ हा १९९१ चा खेळ. त्याच्या नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत सुरुवातीला गुणाची कोणतीही पायरी एकाच भावाने मिळे. पुढे अनुभवातून वाढवायची तर मात्र सध्याच्या पायरीच्या चौपट किंमत. आता दोन गुण धरा. एका खेळाडूने सुरुवातीला ५ आणि १ घेतले, दुसऱ्याने ३ आणि ३. खर्च सारखाच. दोघांनाही पुढे ५ आणि ३ वर पोचायचं आहे. पहिल्याला १ वरून ३ वर जायला ४ अधिक ८, म्हणजे १२ लागतात. दुसऱ्याला ३ वरून ५ वर जायला १२ अधिक १६, म्हणजे २८. शेवटी पात्रं तंतोतंत सारखी, पण समतोल पात्र बनवणाऱ्याने दुपटीहून जास्त मोजले. इथे फासा एकही नाही आणि अन्याय फाशांपेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही.

वाटणीच्या गणितात ‘हेवामुक्त’ वाटणी अशी एक कल्पना आहे: दुसऱ्याचा वाटा आपल्याला मिळायला हवा होता असं कोणालाच वाटू नये. फासे ठेवूनही ती साधता येते. चौघांनी एकेक संच टाकायचा, चारही टेबलावर मांडायचे आणि ज्याला जो हवा तो त्याने घ्यायचा. एकच संच चौघांनी उचलला तरी चालेल. मग हेवा कसला करणार? फक्त सगळे सर्वांत मोठाच उचलतात, त्यामुळे बेरीज सरासरी ८० च्या वर जाते आणि खेळ चालवणाऱ्याला राक्षस तगडे करावे लागतात.

माझी आवडती रीत पत्त्यांची. अठरा पत्ते घ्यायचे: २, ३, ५, ६ हे आकडे प्रत्येकी तीन वेळा आणि ४ सहा वेळा. पिसायचे आणि तीन-तीनचे सहा ढीग पाडायचे. प्रत्येक ढिगाची बेरीज म्हणजे एक गुण. एका ढिगात तीन सहा गेले तर तिथे १८ झाले, पण मग उरलेल्या पाच ढिगांत एकही सहा नाही. फाशांना मागचं दान आठवत नाही, पत्त्यांना आठवतं. म्हणून सहांची एकूण बेरीज काहीही झालं तरी ७२ च, त्या तयार संचाएवढीच. पात्र कसं निघेल हे नशीब ठरवतं. किती मोठं निघेल हे नाही. आकडे फाशांइतके दूरदूर पसरत नाहीत, आणि ठरावीक एका गुणात १८ येण्याची शक्यता ८१६ मध्ये एक इतकीच उरते. ज्यांना चमत्कार हवेत त्यांना हे अळणी वाटेल.

आणि चमत्कार हवे असणारे पुष्कळ असतात. त्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही. तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८१ मध्ये नशिबाचे दोन प्रकार केले: जे नुसतं अंगावर कोसळतं ते, आणि धोका ओळखून स्वतः ओढवून घेतलेलं ते. दुसऱ्या प्रकारचं नशीब कसं दिसतं ते १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या मार्क मिलरच्या अंतराळातल्या खेळात पाहावं. तिथले सुरुवातीचे सहा आकडे दोन फाशांवर जसे पडतील तसेच. ते पहिल्या प्रकारचं नशीब. पण नंतर पात्र अठराव्या वर्षी नोकरीला लागतं, आणि दर चार वर्षांनी खेळाडूने ठरवायचं, थांबायचं की आणखी चार वर्षं काढायची. प्रत्येक फेरीत नवी कौशल्यं मिळतात, आणि प्रत्येक फेरीत जगण्यासाठी फासा टाकावा लागतो. तो चुकला तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मेलं. चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपणाचे फासेही सुरू होतात. तरबेज पात्र दिसलं की टेबलावर कोणी कुरकुरत नाही. त्यासाठी काय पणाला लावलं होतं ते सगळ्यांना माहीत असतं. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत मरणाऐवजी जखमी होण्याचा पर्याय आला: चार वर्षांची फेरी दोन वर्षांतच संपते आणि पात्राला नोकरी सोडावी लागते. मरण टळलं, तरी लोभाची किंमत शिल्लक ठेवली, हे मात्र नियम करणाऱ्यांनी नेमकं जमवलं.