परिवलनी चपटेपणा

स्वतःभोवती फिरणारा ग्रह किंवा तारा पूर्ण गोल राहत नाही. गुरुत्वाकर्षण त्याला गोल करू पाहते, तर केंद्रोत्सारी प्रेरणा विषुववृत्तावर फुगवते. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय त्रिज्यांमधील फरकाला विषुववृत्तीय त्रिज्येने भागले की चपटेपणा मिळतो. पृथ्वीच्या त्रिज्या ६,३७८.१४ व ६,३५६.७५ किमी आहेत, म्हणून तिचा चपटेपणा १/२९८. शनीचा जवळजवळ १/१० आहे. साध्या दुर्बिणीतूनही त्याची दबलेली चकती ओळखू येते.

१६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यां रिशे यांचे पॅरिसमध्ये लावलेले लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतील, विषुववृत्ताजवळच्या केयेनला दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. तिथे गुरुत्वाकर्षण कमी भरत होते. विषुववृत्तावर केंद्रोत्सारी प्रेरणा गुरुत्वाकर्षणाच्या १/२८९ असते. पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी मानून न्यूटन यांनी १६८७ मध्ये चपटेपणा १/२३० काढला. डच शास्त्रज्ञ हायगेन्झ यांनी सारे आकर्षण केंद्राकडेच धरले आणि त्यांचे उत्तर १/५७८ आले. खरा आकडा या दोन टोकांच्या मधे पडतो, कारण पृथ्वी आत जावे तशी जड होत जाते. बाहेरचा आकार असा आतली घडण सांगतो, आणि मला या विषयाचे सर्वांत मोठे मोल यातच वाटते. थरागणिक बदलणाऱ्या घनतेचे गणित फ्रेंच गणिती क्लेरो यांनी १७४३ मध्ये मांडले. त्याआधी पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी उत्तर युरोपात गेलेल्या लॅपलँडच्या मोहिमेत (१७३६–३७) ते स्वतः मोजणीला गेले होते.

चपटेपणाला विषुववृत्तावरील केंद्रोत्सारी प्रेरणा व गुरुत्वाकर्षण यांच्या गुणोत्तराने (पृथ्वीसाठी १/२८९) भागले, तर न्यूटन यांच्या टोकाला १.२५ आणि हायगेन्झ यांच्या टोकाला ०.५ येते. पृथ्वीसाठी ०.९७, गुरूसाठी सुमारे ०.७, शनीसाठी सुमारे ०.६. म्हणजे या वायुग्रहांचे वस्तुमान केंद्राकडे अधिक एकवटलेले आहे.

वेग फार वाढला तर आकार तीन असमान अक्षांचाही होऊ शकतो, हे जर्मन गणिती याकोबी यांनी १८३४ मध्ये दाखवले. चार तासांहून कमी वेळात फिरणारा हौमेआ हा बटुग्रह असाच लांबट आहे.

ताऱ्यांचे बहुतेक वस्तुमान गाभ्यातच असल्याने तिथे हायगेन्झ यांचे टोक जवळचे ठरते. रोश यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रतिमान तेच गृहीत धरते. त्यानुसार विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येच्या दीडपट झाली की विषुववृत्तावरचे द्रव्य सुटू लागते. सूर्य सुमारे २५ दिवसांत एकदा फिरतो, म्हणून त्याचा चपटेपणा लाखात एक इतकाच आहे. श्रवण तारा मात्र काही तासांतच एक फेरी पुरी करतो आणि त्याचा मध्य ठळकपणे फुगलेला आहे. फोन झायपेल यांच्या १९२४ च्या नियमानुसार, गुरुत्वाकर्षण कमी तिथे पृष्ठ थंड व अंधुक असते. श्रवणाच्या २००७ मधील प्रतिमेत विषुववृत्त काळपट दिसले, पण नियमाने सांगितले त्याहूनही अधिक. त्यामुळे नियमाला नव्या प्रतिमानांची जोड द्यावी लागली.

महाराष्ट्रातून थंडीत दक्षिण क्षितिजालगत दिसणाऱ्या अग्रनद ताऱ्याच्या विषुववृत्तीय व ध्रुवीय त्रिज्यांचे गुणोत्तर २००३ मध्ये १.५६ भरले होते, दीडपटीच्या मर्यादेपलीकडे. ताऱ्याभोवतीच्या वायूच्या कड्याचा प्रकाश मोजणीत मिसळला असावा, असे पुढे दिसून आले. नंतरच्या निरीक्षणांत ते सुमारे १.३५ आले.