‘पोर्शन’ संपवणारे सर : विद्यार्थ्यांच्या अपेक्षांची पार्श्वभूमी

प्राध्यापक कसा असावा याविषयी विद्यार्थ्यांचे मत महाविद्यालयांच्या मूल्यांकनात ठळकपणे धरले जाऊ लागले ते २०१७ पासून. त्या वर्षी उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ने आपल्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. त्यातला पहिलाच प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला, असा आहे. विद्वत्ता किंवा विषयाची गोडी सोडून ‘पोर्शन’पासून सुरुवात का व्हावी, याचे उत्तर आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहे.

१८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ शिकवीत नसे; ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. अध्यापन महाविद्यालयाचे आणि पदवी विद्यापीठाची, अशी वाटणी असल्यावर नेमलेली पुस्तके वेळेत संपवणारा आणि नेमक्या नोट्स उतरवून देणारा प्राध्यापक विद्यार्थ्यांना जवळचा वाटावा, यात नवल नाही. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांच्या स्वतःच्या अध्यापनाचा मार्ग मोकळा केला, तरी पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू व्हायला १९१९ साल उजाडले.

पुण्यात १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाने याला वेगळी जोड दिली. तेथील आजीव सभासद तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेत, त्यामुळे प्राध्यापकाच्या ज्ञानाइतकेच त्याचे आचरणही विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर असे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथे गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे पडेल ते विषय शिकवले. आजच्या कार्यभाराच्या तक्त्यात ते कुठल्या रकान्यात बसले असते, कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतर वर्गच बदलला. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय (१९५०), मराठवाडा विद्यापीठ (१९५८) आणि शिवाजी विद्यापीठ (१९६२) यांच्यामुळे घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुले मोठ्या संख्येने बाकांवर आली. फर्ड्या इंग्रजीतले व्याख्यान त्यांच्या डोक्यावरून जाई. समजेल अशा मराठीत उलगडून सांगणारे आणि शंका विचारली म्हणून न हिणवणारे सर त्यांना हवे होते. माझ्या मते अपेक्षांच्या या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच.

अमेरिकेत मात्र प्रश्नावलीची वाट जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२० च्या दशकातच विद्यार्थ्यांकडून अध्यापकांचे गुणांकन करून घेण्याची श्रेणी तयार केली. अशा गुणांकनाच्या मर्यादेची चुणूक १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसली : ‘डॉ. फॉक्स’ म्हणून उभ्या केलेल्या नटाच्या अर्थशून्य पण रंगतदार व्याख्यानाला जाणकार श्रोत्यांनीही चांगला शेरा दिला.

१९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’च्या आजच्या प्रश्नावलीत तयारी, संवाद, अंतर्गत मूल्यमापनातला निःपक्षपातीपणा, उदाहरणांनी केलेली उकल असे बरेच काही विचारले जाते. शिक्षक वर्गासाठी कितपत तयारी करून येतात, या प्रश्नाखालच्या पर्यायांत शेवटचा, शून्य गुणांचा पर्याय आहे : ‘शिकवतच नाहीत’.