'माझ्या भावाला आला की काढतो'

सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतो, तेव्हा ठाण्याहून सीएसएमटीकडे निघालेल्या लोकलमध्ये कितीतरी मोबाइलवर लाल-हिरवे आकडे हलू लागतात. तोट्यातला शेअर अजून का ठेवलाय, असं त्या गर्दीत विचारलंत तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "माझ्या भावाला आला की काढतो."

हा 'माझा भाव', म्हणजे आपली खरेदीची किंमत, बाजाराच्या गावीही नसतो. 400 रुपयांना घेतलेला शेअर 250 वर आला, तर पुन्हा 400 गाठायला तो 60 टक्के वाढायला हवा. कंपनी तेवढी कमावेल का, हा खरा प्रश्न. पण मन त्या 400 च्या खुंट्याला बांधलेलं असतं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये याची उकल केली. माणूस एकूण संपत्ती पाहत नाही, मनात धरलेल्या एका आकड्यापासून नफा-तोटा मोजतो. हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख मोठं. त्यांच्या 1992 च्या अंदाजाने सुमारे सव्वादोन पट. शिवाय तोट्यात असताना तो जास्त धोका पत्करतो. पडत्या शेअरमध्ये 'अ‍ॅव्हरेज' करत, म्हणजे सरासरी किंमत उतरवायला तोच शेअर आणखी घेत राहण्यामागे पुष्कळदा हेच असतं, अभ्यास नव्हे.

गुंतवणूकदारांच्या वागण्याचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली. नफ्यातले शेअर विकण्याचं प्रमाण तोट्यातल्यांच्या सुमारे दीडपट निघालं. आणि गंमत म्हणजे, विकून टाकलेले ते शेअर पुढच्या वर्षात, कवटाळून ठेवलेल्यांपेक्षा सरासरी 3.4 टक्क्यांनी सरस ठरले!

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिपा आणि फाजील आत्मविश्वास यांचाही वाटा आहेच. वायदे व्यवहारांत (फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, असं बाजाराची नियामक संस्था सेबीने 2024 मध्ये सांगितलं. तिथे तर हिंमत जरा जास्तच.

ओडीन यांच्या आकडेवारीत डिसेंबर महिना मात्र उलटा होता: लोक तोट्यातले शेअर विकत होते. कारण अमेरिकेतलं करवर्ष डिसेंबरला संपतं आणि तोटा दाखवला की कर वाचतो. आपल्याकडे ती मुदत 31 मार्च. भांडवली नफ्यातून तोटा वजा करता येतो, आणि रिटर्न वेळेत भरलं तर उरलेला तोटा पुढची 8 वर्षं ओढता येतो. म्हणूनच वर्षभर न सुटलेला शेअर मार्चअखेरीस सीएच्या एका फोनवर सुटतो.