मैदानाच्या पोटातली हवा

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये खानापूरकडच्या एका शाळेनं मैदान बघायला बोलावलं. गोलपोस्टपुढे घोटाभर पाणी साचलेलं, कडेचं गवत पिवळं. शाळेच्या समितीतले एक काका म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी कमी पडलं बघा, म्हणून गवत गेलं. अजून एक बोअर मारूया की." मी पहार घालून ओंजळीएवढा गड्डा उचलला. वरची चार बोटं माती विटेसारखी घट्ट. तिच्याखाली काळपट पट्टा, आणि नाकाशी धरल्यावर नासक्या अंड्याचा वास. मुळं दोन बोटं खाली उतरून तिथूनच आडवी वळली होती. काकांच्या हातात तो गड्डा दिला आणि म्हटलं, हे गवत तहानेनं गेलं नाही, गुदमरून गेलं.

गेली कित्येक वर्षं मी बेळगाव, चिकोडी, निपाणी भागात मैदानांची कामं घेतो. गवताची मुळं श्वास घेतात, हे समजावण्यात माझा निम्मा वेळ जातो. चांगल्या मातीत घनफळाचा जवळपास निम्मा भाग पोकळ असतो. त्यातल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथं हवा येते. पायांनी, चाकांनी माती दाबली की आधी या मोठ्या पोकळ्या मिटतात. उरलेल्या बारीक पोकळ्या पावसात पाण्यानं भरतात. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो, त्यामुळे दोन-चार दिवस तुंबलेल्या मातीत मुळांना तो मिळेनासा होतो. मग बिनहवेचे जिवाणू माजतात. त्यातले काही मातीतल्या सल्फेटवर, म्हणजे गंधकाच्या क्षारांवर, जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. तोच तो वास. या वायूचा मातीतल्या लोहाशी संयोग झाला की काळा पट्टा तयार होतो.

आपल्याकडं तालमीतला पैलवान हौद्यातली लाल माती रोज खणतो, उलथतो, मगच लांग कसतो. शाळेच्या मैदानावर मात्र रोज चारशे पोरं पळतात, सुट्टीत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, मंडप पडतात, ट्रक आत येतात, आणि ती माती वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. वर पावसानंतर रोलर फिरवायची हौस! ओल्या मातीत पाणी वंगणासारखं काम करतं. कण एकमेकांवरून सरकून घट्ट बसतात. कोरड्या मातीवर दहा फेऱ्यांनी होणार नाही इतकं नुकसान ओल्या मातीवर एका फेरीत होतं.

रोलरची खरी जागा खेळपट्टीवर. तिथं आपल्याला हवी असते चिकण काळी माती. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज थरांच्या फटीत पाणी शोषून फुगतं आणि वाळताना आकसून दगडासारखं घट्ट होतं. चेंडू उसळतो तो त्यामुळं. आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. खानापूरच्या बाजूला निचऱ्याची लाल जांभी माती, तर बैलहोंगल, अथणीकडं काळी. एकाच मैदानात बावीस यार्डांसाठी एक माती लागते आणि भोवतालच्या हिरवळीसाठी तिच्या नेमकी उलट. मी पाहिलेली बरीच मैदानं या दोन्हींना एकच रोलर लावून बिघडली आहेत.

दुसरी चूक याहून महागात पडते. पाणी साचतं म्हणून खाली खडी किंवा जाड वाळू पसरायची आणि वर शेतातली बारीक माती टाकायची. खडीतून पाणी झरझर जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं आठवा. वरून सुकत येतं, पण खालचा काठ शेवटपर्यंत गच्च ओला. खाली नुसती हवा असूनही पाणी सुटत नाही, कारण धाग्यांमधल्या बारीक फटी ते धरून ठेवतात. बारीक मातीचा थर जाड खडीवर बसला की अगदी हेच होतं. तळाशी पाणी लोंबकळत राहतं आणि माती पूर्ण भिजेपर्यंत खडीत उतरत नाही. म्हणून वेगळ्या मातीचा नवा थर मी कधी टाकत नाही.

त्या शाळेत काम धरलं ते पुढच्या मे महिन्यात, वळवाच्या दोन सरींनी माती जरा नरमल्यावर. पहारीनं भोकं पाडली तर माती बाजूला दाबली जाते, म्हणून पोकळ दात्यांचं यंत्र आणलं. ते मातीच्या करंगळीएवढ्या कांड्या उपसून वर टाकतं, आठ-दहा सेंटिमीटर खोलीच्या. भोकं पाच सेंटिमीटर अंतरावर असली तरी एका फेरीत जमिनीचा जेमतेम विसावा भाग मोकळा होतो, म्हणून तीन दिशांनी तीन फेऱ्या मारल्या. मग भोकांत वाळू. पूर्ण मापाच्या फुटबॉल मैदानावर, म्हणजे १०५ बाय ६८ मीटरवर, पाच मिलिमीटर वाळू पसरायची तर साडेबारा ब्रास लागते. दाणे बहुतेक पाव ते एक मिलिमीटरमधले हवेत. नदीची वाळू मिळेना, म्हणून एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घेतली, पण धुऊन. तिच्यातली दगडाची पूड तशीच गेली तर उघडलेली भोकं तीच पूड बुजवते.

गवत म्हणून हरळीच लावली. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. शेतकरी जन्मभर जिला शिव्या देत उपटतो, तिचं न मरण्याचं कसब मैदानाला हवं असतं. जमिनीवरून आणि जमिनीखालून अशा दोन्ही वाटांनी ती पसरते, पायाखाली तुटली तरी पेरापेरातून फुटते. पैसे असतील तर टिफवे ४१९ सारखा संकर लावता येतो. अमेरिकेत गवतपैदासकार ग्लेन बर्टन यांनी पुढं आणलेली ही जात १९६० सालची. आपल्या हरळीत गुणसूत्रं ३६, तिच्या आफ्रिकन बहिणीत १८, आणि या दोघींच्या संकरात २७. विषम संच असल्यानं त्याला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. शाळेचा खिसा बघून आम्ही गावठी हरळीच्या कांड्या मृगाच्या पहिल्या पावसात दाबल्या.

कापणीचा एकच नियम माळ्याला सांगितला: एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा. पातं हे गवताचं स्वयंपाकघर. जास्त कापलं की वरची फूट भरून काढण्यात साठा संपतो आणि मुळं खुंटतात. वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून हरळी कापणी सोसते, पण उपाशी राहून खोल उतरत नाही.

पुढच्या ऑगस्टला त्याच गोलपोस्टपुढं पुन्हा पहार घातली. मुळं वीतभर खाली गेली होती, आणि गड्ड्याला पाऊस पडून गेलेल्या रानाचा वास होता. काकांनी तो हुंगला आणि बोअरचा विषय पुन्हा काढला नाही. गोलपोस्टपुढचा तो तुकडा मात्र दर मे महिन्यात परत टोचावा लागतो. गोलकीपर रोज तिथंच उभा राहतो.