डी-मॅक्स की कोलोराडो? २०१२ नंतर ह्या दोन गाड्या एक नाहीत

ऑस्ट्रेलियात जुनी ड्युअल कॅब ४x४ युट (म्हणजे चार दारांचा पिकअप) शोधायला निघालं की आधी हायलक्स बघून होते, मग रेंजर, किमती बघून डोळे पांढरे होतात, आणि मग माणूस हळूहळू खाली सरकत दोन नावांवर येऊन थांबतो, इसुझू डी-मॅक्स आणि होल्डन कोलोराडो. इथेच विकणारा त्याचं ठरलेलं वाक्य टाकतो, "अरे मेट, बॅज सोडला तर दोन्ही एकच गाडी, कोलोराडो घे, पैसे वाचव."

आता गंमत अशी की हे साफ खोटं नाहीये. अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. मेलबर्न-सिडनीकडच्या आपल्या मंडळींत पण हे सर्रास ऐकायला मिळतं, कोणीतरी कॅराव्हॅन घेतली की युट हवीच असते आणि मग "इसुझूचंच इंजिन आहे रे आत" असं कोणीतरी छातीठोक सांगतो.

तर खरं कुठपर्यंत ते बघू. जुनी होल्डन रोडिओ मुळात इसुझूचीच गाडी होती. २००६ ला होल्डनच्या मालक जीएमने (जनरल मोटर्स) इसुझूमधला हिस्सा विकला, रोडिओ हे नाव इसुझूकडे राहिलं, म्हणून २००८ मध्ये होल्डनने त्याच गाडीला कोलोराडो म्हणायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी इसुझू स्वतःची डी-मॅक्स घेऊन इथे दुकान मांडून बसली. ह्या २००८ ते २०१२ च्या जोडीत डिझेल इंजिन दोघांतही तेच, ३.० लिटरचं ४जेजे१. म्हणजे एवढ्या चार वर्षांपुरतं तरी तो विकणारा बरोबर बोलतोय, स्वस्त मिळाली तर बिनधास्त कोलोराडो घ्या. फक्त ती डिझेलच आहे ना ते बघा, कारण त्या कोलोराडोत पेट्रोलचं ३.६ व्ही६ पण यायचं आणि ते पेट्रोल पितं म्हणजे पितंच.

२०१२ च्या मध्यावर दोघांची नवीन मॉडेलं आली आणि घोळ तिथे सुरू झाला. चासी, केबिनचा सांगाडा, दरवाजे हे बरंचसं सामाईक, लांबून बघितलं तर बहिणी वाटतात. पण बॉनेट उघडलं की वेगळंच घर. इसुझूने आपलं ४जेजे१ ठेवलं, होल्डनने मात्र २.८ लिटरचं ड्युरामॅक्स बसवलं, जे इटलीच्या व्हीएम मोटोरीच्या डिझाइनचं आहे. भारतात २०१५ ला आलेली शेव्हरले ट्रेलब्लेझर ज्यांनी चालवलीये त्यांना हे इंजिन माहितीये, तेच ते. (आपल्याकडची डी-मॅक्स व्ही-क्रॉस सुरुवातीला आली ती मात्र छोट्या २.५ लिटर इंजिनात, त्यामुळे पुण्यातल्या मित्राचा अनुभव इथल्या ३.० ला जसाच्या तसा लावू नका.)

कागदावर कोलोराडो जिंकते. डी-मॅक्स १३० किलोवॅट ताकद आणि ३८० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायचा जोर), कोलोराडो सुरुवातीला १३२ किलोवॅट आणि ऑटोमॅटिकला ४७० न्यूटन-मीटर, पुढे १४७ आणि ५००. चालवताना पण फरक कळतो, चढावर टो करताना ड्युरामॅक्स जास्त सहज ओढतं. मग लोक डी-मॅक्ससाठी जास्त पैसे का मोजतात? कारण ते इंजिन ताकदीच्या मानाने मोठं आहे, रेटून चालवलेलं नाही, इसुझूच्या छोट्या ट्रकांच्याच घराण्यातलं आहे, आणि त्यात टायमिंग चेन आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी साखळी.

बजेटमध्ये घेणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि जाहिरातीत ती कोणी लिहीत नाही. ड्युरामॅक्सला त्या साखळीऐवजी टायमिंग बेल्ट आहे. तो साधारण दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा असतो, आणि आपल्या बजेटमध्ये ज्या गाड्या मिळतात त्या नेमक्या सव्वा ते दोन लाख किलोमीटरवर असतात, म्हणजे पहिला मालक बेल्टच्या खर्चाआधी गाडी विकतोय की काय ही शंका घ्यायलाच पाहिजे. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि मग वाचवलेले सगळे पैसे इंजिनात जातात. तेव्हा "बेल्ट बदललाय" हे तोंडी चालत नाही, गॅरेजची पावती हवी, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली. डी-मॅक्सच्या चेनला असं ठरलेलं बदलणं नाही, पण म्हणून ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याची डी-मॅक्स घ्यायची असंही नाही. थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐका, तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर का ते विचारा.

दुसरा मुद्दा डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी पकडणारी जाळी. २०१७ च्या मॉडेलपासून दोघांनाही ती आली. हायवेवर लांब जाणाऱ्याला त्रास नाही, पण गाडीचं आयुष्य मुलांची शाळा, कोल्स सुपरमार्केट आणि परत घर एवढंच असेल तर ती जाळी गरम होऊन साफ व्हायला वेळच मिळत नाही आणि तुंबते. डी-मॅक्सला त्याच वेळी ४३० न्यूटन-मीटर आणि ६ गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला, म्हणजे गाडी सुधारली, तरी शहरातच फिरणार असाल तर मी २०१४ ते २०१६ ची डी-मॅक्स शोधेन. २०१४ का, तर सुरुवातीच्या डी-मॅक्सची टोइंग ३ टन होती, नंतर ३.५ झाली, आणि ड्युअल कॅबचं क्रॅश रेटिंग पण ४ वरून ५ स्टार २०१३ च्या शेवटी झालं. कोलोराडो पहिल्यापासून ३.५ टन आणि ५ स्टार, हे मान्य करायला पाहिजे.

कोलोराडोच्या ऑटोमॅटिकबद्दल एक. टेस्ट ड्राइव्हला ६०-८० च्या वेगात अगदी हलका पाय ठेवून सपाट रस्त्यावर चालवा, बारीक थरथर जाणवली, जणू रस्त्यावर रेषा आखल्यात, तर टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) बोट जातं. ते स्वस्त काम नाही.

पार्टचं काय, होल्डन तर बंद झाली? जीएमने फेब्रुवारी २०२० ला होल्डन गुंडाळायची घोषणा केली तेव्हा किमान १० वर्षं पार्ट आणि सर्व्हिस देऊ म्हणाले होते. तळेगावला कारखाना असूनही जीएमने भारतात गाड्या विकणं थांबवलं, शेव्हरलेवाल्या आपल्या लोकांना ती धाकधूक माहितीये. फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन बाहेरच्या कंपन्यांचं भरपूर मिळतं, काळजी आहे ती इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि आतल्या प्लास्टिकची. डी-मॅक्सला हा प्रश्नच नाही.

आता दोन्हींना सारखंच लागू असलेलं थोडं. उंच दिसते म्हणून ४x४ समजू नका, दोघांच्याही उंच ४x२ ड्युअल कॅब येतात, लो रेंजचं (अवघड चढ-चिखलासाठीच्या कमी गिअरचं) बटण डोळ्यांनी बघा आणि खडीच्या रस्त्यावर ते चालवून बघा, डांबरावर नको, तिथे ४x४ लावून वळलात तर ड्राइव्हलाइन आवळली जाते. केबिन आणि मागच्या टबमधली (सामानाच्या हौद्यातली) फट वरून खालपर्यंत सारखी पाहिजे, वर जास्त आणि खाली कमी असेल तर जड कॅराव्हॅन ओढून चासी वाकलेली असू शकते, असली गाडी फुकट दिली तरी नको. खाली वाकून गंज बघा, बीचवर बोट उतरवणाऱ्यांच्या गाड्या वरून चकचकीत असतात. २ डॉलरचा पीपीएसआर (सरकारी नोंदणीतला) चेक करा, त्यात कर्ज बाकी, चोरी आणि राइट-ऑफ कळतं, किलोमीटर मागे फिरवलेत का ते कळत नाही. आणि व्हिक्टोरियात रोडवर्दी (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट) दिलंय म्हणून निवांत होऊ नका, ती ब्रेक-टायर-लाइटची सुरक्षितता तपासणी आहे, इंजिन-गिअरबॉक्स अजून किती टिकेल हे त्यात कोणी बघत नाही, ते बघायला वेगळा मेकॅनिक लावा.

माझ्यापुरतं विचाराल तर किमतीत दोन-अडीच हजार डॉलरचाच फरक असेल तर डी-मॅक्स, डोळे झाकून नाही पण जवळपास तसंच. फरक पाच हजारांच्या वर गेला आणि कोलोराडोच्या मालकाने बेल्टची, वॉटर पंपाची आणि गिअरबॉक्स ऑइलची पावती समोर ठेवली तर मी कोलोराडो घेईन आणि उरलेल्या पैशांत चांगले ऑल-टेरेन टायर टाकेन. पावती नसेल तर बेल्टचा खर्च किमतीतून कापायला सांगा, आणि गाडी घरी आणली की पार्किंगमध्ये नाही, थेट गॅरेजमध्ये न्या.