होल्याचा हंगाम आणि शिकाऱ्याचा हिशेब

१ सप्टेंबरच्या पहाटे उत्तर आणि मध्य टेक्सासमध्ये कापणी झालेल्या शेतांच्या बांधांवर माणसे घडीच्या स्टुलावर बसून, मांडीवर बंदूक ठेवून पूर्वेकडे पाहत असतात. सूर्योदयाला अर्धा तास उरला की बार काढण्याची कायद्याने मुभा मिळते आणि होल्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. ज्या पक्ष्यासाठी हा सगळा खटाटोप असतो त्याचे अमेरिकेतील नाव मोर्निंग डव्ह. नाव ऐकून सकाळ आठवते, परंतु या ‘मोर्निंग’चा अर्थ विलाप असा आहे, आणि नराचे लांबवलेले घुमणे ऐकले की नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. आपल्याकडच्या होल्यांच्याच कुळातील हा पक्षी असल्यामुळे पुढे त्याला होलाच म्हणू. त्याचे वजन सरासरी १२० ग्रॅमच्या आसपास असते. तरीही अमेरिकेत सर्वाधिक शिकार होणारा स्थलांतरित पक्षी हाच आहे.

हंगामाची तारीख एका करारातून आली आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात १९१६ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी करार झाला, १९१८ मध्ये त्यावर आधारित कायदा अमेरिकेत आला आणि १० मार्च ते १ सप्टेंबर हा काळ शिकारीसाठी बंद ठरला. योगायोग असा की, १ सप्टेंबर १९१४ याच दिवशी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची पॅसेंजर पिजन मादी मेली होती आणि तिच्याबरोबर ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली होती. एके काळी त्या जातीचे अब्जावधी पक्षी आकाश झाकून टाकत असत. एका कबुतराच्या जातीचा शेवट आणि दुसऱ्या जातीच्या शिकारीचा आरंभ एकाच तारखेवर यावा, हे मला केवळ विचित्र वाटत नाही. एक जात का संपली आणि दुसरी का टिकली, हा प्रश्न त्यातून आपोआप पुढे येतो.

उत्तराचा मोठा भाग घरट्यात आहे. पॅसेंजर पिजनची मादी एका वेळी एकच अंडे घालीत असे आणि लाखोंच्या वसाहतीत घरटी बांधीत असे, त्यामुळे व्यापारी शिकाऱ्यांना एकाच रानात सगळे सावज हाती लागे. होल्याची जोडी मात्र एकटी राहते, चार काटक्यांचे विरळ घरटे बांधते आणि त्यात दोन अंडी घालते. सुमारे चौदा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील पिशवीच्या अस्तरातून पाझरणारे, प्रथिने आणि मेदाने भरलेले ‘कबुतराचे दूध’ त्यांना मिळते, आणि आणखी दोन आठवड्यांत ती उडू लागतात. म्हणजे एक वीण महिन्याभरात उरकते. उबदार प्रदेशात एकच जोडी वर्षात पाच-सहा वेळाही पिल्ले काढते. मरणही तितकेच घाऊक असते. भूक, थंडी, मांजरे, ससाणे, रोग आणि शिकार ही सगळी कारणे धरून प्रौढ होल्यांपैकी निम्म्याच्या आसपास आणि पहिल्या वर्षातील पिल्लांपैकी त्याहूनही अधिक पक्षी वर्षभरात संपतात. अलीकडच्या काळात अमेरिकेत वर्षाला साधारण एक कोटीच्या आसपास होले मारले जातात आणि तरीही जात टिकून आहे, ती या वेगवान उलाढालीमुळे.

पण उलाढाल मोठी असली की हिशेब चुकायलाही वेळ लागत नाही. म्हणूनच देशाचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन विभाग केले आहेत. पहिल्या दोहोंत हंगाम जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि पश्चिमेत ६० दिवसांचा असतो. एका शिकाऱ्याला दिवसाला १५ पक्षी मारता येतात आणि जवळ ४५ पर्यंत बाळगता येतात. ही मर्यादा माणशी आहे, टोळीची नव्हे. आपले पंधरा झाल्यावर नेम न लागणाऱ्या मित्रासाठी आणखी चार पाडून देणे मैत्रीचे लक्षण वाटले तरी तो गुन्हा ठरतो.

हे आकडे कागदावर बसून ठरत नाहीत. ते मुख्यतः शिकाऱ्यांकडूनच येतात. प्रत्येक शिकाऱ्याला हंगामाआधी नोंदणी करून गेल्या वर्षी किती पक्षी मारले ते सांगावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये जीवशास्त्रज्ञ हजारो होले पकडून त्यांच्या पायात क्रमांकाचे छोटे कडे घालतात आणि सोडून देतात. समजा, हजार कडी घातली आणि हंगामात त्यांपैकी सत्तर पक्षी शिकाऱ्यांच्या हाती पडले, तर शंभरातील सात पक्षी शिकारीत जातात हे कळते. पण ज्याने ते कडे आठवण म्हणून किल्लीच्या जुडग्यात अडकवले आणि क्रमांक कळवलाच नाही, त्याने हे गणित परस्पर बदलले. काही निवडक शिकाऱ्यांना पाकिटे पाठवली जातात आणि मारलेल्या प्रत्येक होल्याचा एक पंख त्यात घालून परत मागवला जातो. तो पंख उजेडात पसरून पाहिला की पिसांच्या मुख्य रांगेच्या मुळाशी असलेल्या छोट्या झाकपिसांची टोके दिसतात. ती फिकट, पांढरट असतील तर पक्षी याच वर्षी जन्मलेला. एकसारखी करडी असतील तर बहुधा प्रौढ. असे पंख मोजून प्रौढांमागे पिल्ले किती हे काढले जाते आणि त्यावरून त्या वर्षीची वीण साधली की फसली ते समजते.

या सगळ्या नोंदींतून जो पक्षी निसटतो तो म्हणजे घायाळ होऊन न सापडलेला. होला ताशी ८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने उडू शकतो आणि हवेत अचानक वळतो, त्यामुळे एका पक्ष्यामागे पाच-सहा काडतुसे खर्ची पडणे शिकाऱ्यांत नेहमीचे मानले जाते. छर्रा लागलेला होला पडतो तो बहुधा सूर्यफुलाच्या वाळक्या ताटांत किंवा गवतात, आणि त्याचा करडा-तपकिरी रंग मातीत मिसळून जातो. कायदा सांगतो की पाडलेला पक्षी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलाच पाहिजे. अनुभवी शिकारी त्यासाठी साधी शिस्त पाळतात. पक्षी पडला की दुसऱ्यावर बार काढायचा नाही, पडलेल्या जागेवरून नजर न हलवता सरळ तिथवर चालत जायचे, आणि तिथे न दिसल्यास टोपी जमिनीवर ठेवून तिच्याभोवती फेऱ्या वाढवत शोधायचे. थव्यातून दोन-तीन पाडण्याची हौस करणाऱ्याला शेवटी एकही जागा नीट आठवत नाही. कुत्रा असल्यास काम सोपे होते, परंतु सप्टेंबरातील टेक्सासचे ऊन कुत्र्याच्याही जिवावर बेतते. त्यातच होल्याची पिसे इतकी सैल असतात की कुत्र्याच्या तोंडात त्यांचा बोळा होतो. त्यामुळे पाण्याचे भांडे हे बंदुकीइतकेच आवश्यक सामान आहे.

दुसरा वादाचा विषय दाण्याचा. होल्याचा आहार जवळजवळ पूर्णपणे बियांचा असतो आणि तो उघड्या जमिनीवरचे दाणे वेचतो. पायाने उकरून खाणे त्याला जमत नाही. म्हणून शेतात उभे असलेले सूर्यफूल किंवा बाजरी कापून, चिरडून तिथेच पाडली तर होल्यांच्या शिकारीसाठी ते चालते. मात्र कोठारातला गहू आणून पसरला की ते आमिष ठरते. शेवटचा दाणा उचलल्यानंतरही ती जागा दहा दिवस आमिषाचीच मानली जाते, कारण चारा संपला तरी पक्ष्यांची सवय संपत नाही. १९९८ मधील दुरुस्तीपासून आमिष आहे हे शिकाऱ्याला माहीत असणे किंवा माहीत असायला हवे होते असे दिसणे, दोन्ही पुरेसे धरले जाते. शेतमालकाला आधी विचारणे आणि स्वतः शेतात फिरून पाहणे हे त्यामुळे शिकाऱ्याचेच काम होते.

सर्वांत कमी बोलले जाते ते शिशाबद्दल. एका काडतुसातील आठ नंबरच्या छर्ऱ्यांच्या २८ ग्रॅम भारात सुमारे ४१० छर्रे असतात आणि प्रत्येकाचा व्यास जेमतेम २.३ मिलिमीटर असतो. एका होल्यामागे पाच काडतुसे धरली, तर १२० ग्रॅमच्या पक्ष्यासाठी १४० ग्रॅम शिसे शेतात पडते. दात नसलेला होला पेषणी नावाच्या स्नायुमय जठरात खड्यांच्या साहाय्याने दाणे दळतो. त्याला छर्रा कधी खडा वाटतो, कधी दाणा. तो पोटात झिजतो, शिसे रक्तात जाते, आणि पक्षी कुठल्या तरी झुडपाखाली कोणाच्याही हिशेबात न येता मरतो. प्रयोगशाळेतील अभ्यासांत एक-दोन छर्ऱ्यांनीही होले दगावले आहेत. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला १९९१ पासून देशभर बंदी आहे, कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ती सर्व शिकारीला लावली. होल्यांसाठी देशव्यापी बंदी मात्र नाही. पोलादी छर्रे हलके असल्याने मार कमी बसतो, हा शिकाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप. टेक्सासमध्ये २००८ आणि २००९ च्या हंगामांत शिकाऱ्यांना काडतुसात काय भरले आहे हे न सांगता चाचणी घेतली गेली, तेव्हा पक्षी पाडण्यात शिसे आणि पोलाद यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि आपण कोणते वापरतो आहोत हे शिकाऱ्यांना ओळखताही आले नाही. मला हा या विषयातील सर्वांत बोलका प्रयोग वाटतो.

बंदुकीच्या दिशेबाबत जुने शिकारी एकच सांगतात. पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल, तर बार काढू नये, कारण खालून जाणाऱ्या होल्यामागे पलीकडच्या बांधावर कोणीतरी बसलेले असते. हे बारीक छर्रे दूरवरून माणसाचा जीव घेतीलच असे नाही, डोळा मात्र सहज घेतात.

होल्याकडे पाहण्याची दृष्टी अमेरिकेतही एक नाही. विस्कॉन्सिनने १९७१ मध्ये त्याला शांततेचे अधिकृत प्रतीक केले आणि २००३ पासून त्याची शिकारही खुली केली. शेजारच्या मिशिगनमध्ये मतदारांनी २००६ मध्ये ती नाकारली. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार होला मारणे गुन्हाच आहे. तरीही टेक्सासच्या शेतात पडणारा एक होला आपल्या ओळखीचा असतो. मानेवर काळी अर्धी पट्टी असलेला कंठवाला होला १९७० च्या दशकात बहामा बेटांवर पिंजऱ्यांतून सुटला, फ्लोरिडात पोहोचला आणि तिथून खंडभर पसरला. परका असल्यामुळे टेक्सासात त्याला ना हंगाम आहे, ना मर्यादा; मात्र सोललेला पक्षी कोणत्या जातीचा हे सांगता येत नाही, म्हणून घरी पोहोचेपर्यंत त्याची पिसे काढू नयेत असे शिकाऱ्यांना सांगितले जाते. वनरक्षक पिशवी उघडतो तेव्हा तो आधी मान पाहतो, मग शेपूट. शेपूट टोकदार असेल तर पक्षी पंधरांत धरायचा. चौकोनी असेल आणि मानेवर पट्टी असेल, तर हिशेबातून सोडून द्यायचा.