ऑटोमॅटिकचा दांडा हलतोय? आधी बघा, दांडा ढिला आहे की केबल

साताऱ्यात ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या, पण त्यांच्याबद्दलचं बोलणं अजून मॅन्युअलच्याच हिशोबानं चालतं. गिअरचा दांडा ढिला झालाय असं कुणी म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली. एक, ‘हलू दे, सगळ्यांचाच हलतो.’ दुसरं, ‘गिअरबॉक्स गेला, मोठ्या खर्चाची तयारी ठेव.’ पहिल्या उत्तरानं माणूस निर्धास्त होतो, दुसऱ्यानं घाबरतो, आणि बॉनेट मात्र दोघांपैकी कुणीच उघडलेलं नसतं.

मॅन्युअलचं तुम्हाला माहीत आहे. न्यूट्रलमध्ये दांडा डावी-उजवीकडे सैल फिरतो, तो फिरायलाच हवा. बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या छोट्या कड्या, झिजले की गिअर शोधावा लागतो, पण गिअर पडला की नाही हे क्लच सोडताक्षणी कळतं. दांडा फसवत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये दांडा फसवू शकतो. दोन सीटांमधल्या कन्सोलच्या आत दांडा एका पिनवर फिरतो. त्याच्या खालच्या टोकाला सहसा एक केबल जोडलेली असते आणि ती गिअरबॉक्सच्या बाहेर असलेल्या बोटभर आर्मला जाऊन मिळते. तो आर्म फिरला की गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह सरकतो आणि पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) लागतं. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचा किंवा रबराचा छोटा बुश असतो, तो एका गोळीवर दाबून बसवलेला असतो. म्हणजे हातातला दांडा कुठे आहे आणि गिअरबॉक्स कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना बांधणारी एकच केबल, आणि तिचा सगळा भार त्या बुशवर.

नुसता दांडा ढिला असेल तर प्रकरण लहान आहे. मूठ फिरत असेल तर तिचा स्क्रू किंवा आटे बघा. अख्खा दांडा बुडापासून डुगडुगत असेल तर कन्सोलची झाकणं काढून खालचे बोल्ट आवळा. पिनवरचा बुश झिजला असेल तर तो बदला. चालवताना वैताग येतो, पण गिअर बरोबर लागत असतो. यासाठी कुणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला तर गाडी घेऊन निघा.

केबल ढिली असेल तर मात्र गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या. ओळखायचं कसं? सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण वर, मागच्या-पुढच्या चाकाला दगड. इंजिन बंद, चावी फक्त ऑनवर. ब्रेक दाबून दांडा पीपासून डीपर्यंत अगदी सावकाश आणा. प्रत्येक जागी हाताला खटका लागला पाहिजे. आता दांड्याशेजारची अक्षरं आणि डॅशबोर्डवरचं अक्षर एकमेकांशी ताडून बघा. बहुतेक नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरचं अक्षर गिअरबॉक्सवरच्या स्विचवरून येतं, त्यामुळे ते गिअरबॉक्सची खरी जागा सांगतं. दांड्याशेजारचं अक्षर फक्त तुमचा हात कुठे आहे ते सांगतं. दोन्ही जुळत नसतील तर संशय आधी केबलवर घ्या. काही जुन्या गाड्यांत दांड्याबरोबर सरकणारा काटा असतो. तो बघून काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक खूण अशी की गाडी पीमध्ये सुरू होत नाही, दांडा जरा पुढे ढकलला की होते. स्टार्टर फक्त पी आणि एनमध्ये फिरतो, आणि गिअरबॉक्स पीपर्यंत पोचलेलाच नसतो म्हणून हे घडतं. या एका लक्षणापायी लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर खोलतात, रिले शोधत बसतात. चाचणी साधी आहे, आणि तरी ती शेवटी केली जाते याचा मला मनापासून राग येतो. रिव्हर्स टाकल्यावर मागचे पांढरे दिवे उशिरा लागणं हीसुद्धा त्याच कुळातली तक्रार.

खात्री करायची तर इंजिन बंदच ठेवून एकाला आत बसवा आणि स्वतः बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा आर्म बघा. आतल्यानं दांडा एकाच जागेवर पुढे-मागे हलवायचा. दांडा हलतो आणि आर्म जागचा हलत नाही, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, केबलमध्ये आहे. टॉर्च मारून बुश जवळून बघा. इंजिनाच्या उष्णतेनं तो पिवळट पडून कडक झालेला असतो, कडेला बारीक तडे असतात, गोळीभोवती प्लॅस्टिकचा चुरा दिसतो. नखानं दाबला की टवका निघतो. असा बुश महिनाभर चालेल की उद्या सकाळी सुटेल, हे कुणीही सांगू शकत नाही.

एवढं महत्त्व का, ते पीमुळे. पी टाकल्यावर गिअरबॉक्सच्या आत एक पोलादी खिटी दातेरी चाकात पडते आणि गाडी थांबून राहते. केबल ढिली असेल तर दांडा पीवर दिसतो, पण खिटी अर्धवट पडते किंवा पडतच नाही. यवतेश्वरच्या घाटात, कासच्या हंगामात रस्त्याच्या कडेला उतारावर उभ्या केलेल्या किती गाड्या नुसत्या पीच्या भरवशावर असतात ते बघा. हा धोका कल्पनेतला नाही. २०२२ मध्ये फोर्डनं अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या याच केबलच्या बुशसाठी परत बोलावल्या. बुश तुटला किंवा निखळला तर पी टाकूनही गाडी घरंगळू शकते, हेच कारण होतं. माझी शिस्त ठरलेली आहे. पायाचा ब्रेक दाबलेला, आधी हँडब्रेक, मग पी. बुश नवा असला तरी.

आता ‘गिअरबॉक्स गेला’वाल्यांकडे. केबल चुकीच्या जागी बसली असेल तर आतला व्हॉल्व्ह दोन जागांच्या मध्ये अडकतो, तेलाचा दाब पुरेसा पोचत नाही. मग डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, आरपीएम चढतो आणि वेग येत नाही. दिसायला हुबेहूब गिअरबॉक्स स्लिप होतोय असंच. तसंच रेटत राहिलं तर आतल्या क्लच प्लेट जळून खरोखरच गिअरबॉक्स जातो. म्हणून स्लिपची तक्रार आली की पहिल्यांदा केबल तपासायची. केबल ठाकठीक आहे, तेल काळं पडलंय, जळका वास येतोय आणि खंबाटकीचा घाट चढताना नुसता आवाज वाढतोय, तर मग गिअरबॉक्सचं बोला.

दुरुस्तीत दोन गोष्टी मला अजिबात पटत नाहीत. पहिली, तुटक्या बुशच्या जागी बायंडिंग वायरनं बांधणं. ही केबल ओढते तशी ढकलतेही. तार ओढताना धरते, ढकलताना दुमडते, म्हणजे एका दिशेला गिअर लागतो आणि दुसऱ्या दिशेला नाही. दुसरी, झिजलेला बुश तसाच ठेवून नटावर केबल ताणून प्ले ‘काढणं’. प्ले जात नाही, फक्त एका बाजूला ढकलला जातो. डी छान लागायला लागतो आणि पी तोकडा पडतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि दारातल्या उतारावर गाडी लावतं.

बुशच बदलायचा. काही कंपन्या सुटा बुश देतात, काही अख्खी केबलच घ्यायला लावतात. केबलचं वरचं आवरण फाटलं असेल तर मी केबलच घेईन. त्यानंतर सेटिंग. दांडा आणि आर्म दोन्ही एकाच जागी आणून नट आवळायचा. ती जागा काही गाड्यांत एन, काहींत पी असते, त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असेल तीच धरायची. मग वरची सगळी तपासणी पुन्हा, आणि शेवटी हलक्या उतारावर पीची, एकाचा पाय ब्रेकवर ठेवून.

एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप बदलणाऱ्या गाड्या असणाऱ्यांनी यातलं फारसं मनावर घेऊ नये. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या या गाड्यांत सहसा पी नसतोच, आणि दांडा विजेचा इशारा पाठवतो, केबल ओढत नाही. तिथे ढिलेपणा दांड्याचा किंवा त्याच्या सेन्सरचा.

रस्त्यातच केबल सुटली तर दांडा हातात लुळा पडतो आणि गिअरबॉक्स होता त्याच गिअरमध्ये राहतो. ब्रेकवरचा पाय न काढता हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा आणि टोईंगला फोन करा. इंजिन चालू ठेवून बॉनेटमधून आर्म फिरवून देतो म्हणणारा कुणी भेटेल. त्याला गाडीला हात लावू देऊ नका, कारण आर्म डीमध्ये गेला की गाडी त्याच्याच अंगावर जाईल.